व्हर्जिनिया फ्लेक: ओलावा बरणीत हवा, पाइपमध्ये नको

ऐरोलीहून तुम्ही जे विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. भावाने इंग्लंडहून व्हर्जिनिया फ्लेकच्या, म्हणजे दाबून पट्ट्या कापलेल्या पाइपच्या तंबाखूच्या, दोन डब्या आणल्या. पहिली तुम्ही जूनमध्ये उघडली. पट्ट्या ओलसर आणि चिवट निघाल्या. पाइप पेटेना, पेटला तर विझायचा, आणि जोर लावून ओढल्यावर जीभ दोन दिवस सोलवटल्यासारखी झाली. गणपतीपर्यंत त्याच डबीत पांढरं काहीतरी दिसायला लागलं. ते साखरेचे कण की बुरशी, आणि दुसरी डबी आपल्या हवेत आठ-दहा वर्षं मुरवता येईल का, हे तुमचे प्रश्न.

मी बोटीवर इंजिन विभागात नोकरी केली आणि आता ठाण्यात नौपाड्यात राहतो. पाइप १९८८ पासून ओढतो, आणि त्यात फ्लेक सर्वांत जास्त. तुमच्या चारही अडचणींचं मूळ एकच आहे, ते म्हणजे पाणी. मुरायला ठेवलेल्या फ्लेकला जेवढा ओलावा लागतो तेवढा पाइपमध्ये चालत नाही. हे दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात. इंग्लंड-अमेरिकेतली माहिती वाचून आपण गोंधळतो, कारण तिथल्या लोकांना तंबाखू वाळून कोळ होण्याची भीती असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच तंबाखूला पाणी पाजत असते.

पानापासून सुरुवात करतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. व्हर्जिनिया हे आज प्रांताच्या नावापेक्षा पान वाळवण्याच्या पद्धतीचं नाव जास्त आहे. बंद कोठारात पानं टांगतात आणि धूर लागू न देता गरम हवेवर वाळवतात. पहिले काही दिवस ३५ ते ४० अंशांची ऊबदार, दमट हवा ठेवतात. त्यात पान पिवळं होतं आणि त्यातल्या पिष्टाची साखर होते. मग उष्णता चढवत ७० अंशांच्या आसपास नेतात, म्हणजे मधली जाड शीरही वाळते. आठवड्याभरात काम उरकतं आणि साखर पानातच राहते. बर्ली ही दुसऱ्या प्रकारची तंबाखू सावलीत हवेवर कित्येक आठवडे वाळते. तेवढ्या काळात पान आपलीच साखर संपवून टाकतं. हा सगळा फरक उष्णतेचा. त्याची सुरुवात सांगितली जाते ती १८३९ ची: नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीत स्टीफन नावाच्या गुलाम तरुणाने विझत आलेल्या आगीवर लोहाराच्या भट्टीतला कोळसा टाकला आणि पानं झळाळत्या पिवळ्या रंगाची निघाली. त्या पिवळ्या पानाने मळ्याचा मालक श्रीमंत झाला. स्टीफनचं नाव तरी घेतलं जावं, म्हणून इथे घेतो.

आपल्या देशातही हे पान भरपूर पिकतं, आंध्रात आणि म्हैसूरच्या बाजूला हुणसूर-पेरियापटण पट्ट्यात. १९७६ पासून गुंटूरला तंबाखू मंडळही आहे. पण ते पान मुख्यतः सिगारेट आणि निर्यातीकडे जातं. निपाणीची तंबाखू वेगळी. ती उन्हावर वाळवलेली, विडीची. तिची सवय असलेल्या माणसाला व्हर्जिनिया आधी मिळमिळीत वाटते, आणि घाईने ओढली की जीभ भाजते.

फ्लेक म्हणजे हेच पान, शिरा काढून, ओलं करून, थरावर थर रचून दाबाखाली ठेवलेलं. कुठे वाफ देतात, कुठे नुसता दाब. त्याची घट्ट वडी होते आणि वडीचे दीड-दोन मिलिमीटरचे काप काढतात. कोकणातली जुनी, काळपट पडलेली आंबापोळी पट्ट्यांत कापली तर जशी दिसेल तशी ही दिसते. काप करताना आणि डबीत भरताना ती ओली असावी लागते, नाहीतर भुगा होईल. त्यामुळे डबीत साधारण १८ ते २० टक्के ओलावा असतो. पाइपमध्ये मात्र ती १२-१४ टक्क्यांच्या आसपास नीट जळते. म्हणजे डबी उघडली की तंबाखू लगेच ओढायच्या स्थितीत नसतेच. हे डबीवर कोणी लिहीत नाही. तुम्ही जूनमध्ये ती तशीच भरली, हा तुमचा दोष नाही.

आता वाळवण. जानेवारी-फेब्रुवारीत संध्याकाळी एक पट्टी मोकळी करून कागदावर पसरली तर पाऊण तासात तयार होते. मे महिन्यात आपल्याकडे ऊन कडक असलं तरी खाडीमुळे हवा दमट असते, तेव्हा दीड-दोन तास धरा. जुलैत मात्र रात्रभर उघडी ठेवलीत तर सकाळी ती आणखी ओली सापडेल. साखर पाणी ओढते, आणि व्हर्जिनियात साखर खच्चून भरलेली असते. पापड सादळतो तशीच ही सादळते. पावसाळ्यात मी एसीच्या खोलीत, यंत्र ‘ड्राय’वर लावून, स्टीलच्या ताटलीत पट्टी मोकळी करून ठेवतो. एसी लावायचा नसेल तर ताटली वायफायच्या राउटरवर ठेवायची. ती सौम्य, एकसारखी ऊब फार चांगली. टेबललॅम्पचा जुना पिवळा बल्ब असेल तर तोही चालतो. मायक्रोवेव्हमध्ये मी पूर्वी ठेवायचो, आता ठेवत नाही. काही सेकंदांत कडा करपतात, मधला भाग ओलाच राहतो आणि तंबाखूचा जो वास नाकाला यायला हवा तो खोलीत उडून जातो.

झाली की नाही हे बोटांनी ओळखायचं. चिमूटभर घेऊन दाबा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर अजून वेळ आहे. हळूहळू उलगडला तर भरा. कुरकुर आवाज आला तर जास्त वाळली. तेव्हा ती काही तासांसाठी डबीतल्या ओल्या पट्ट्यांच्या शेजारी ठेवा, आपोआप सावरते. वर पाणी शिंपडू नका. मी सुरुवातीला सफरचंदाची फोड बरणीत टाकून तंबाखू नरम करायचो, कोणीतरी सांगितलं म्हणून. एका श्रावणात तीन बरण्या अशाच गेल्या. उघडल्यावर आत राखाडी केस उगवलेले होते.

भरण्याच्या पद्धतीवर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात, पण नवख्याने पट्टी पूर्ण मळूनच भरावी. तंबाखू मळणं आपल्याला शिकवावं लागत नाही. तळहातावर अंगठ्याने चोळून धागे सुटे करा, फक्त चुन्याच्या तंबाखूसारखा भुगा करू नका. तळाशी अगदी सैल टाका, मध्ये थोडं दाबा, वर थोडं आणखी. भरून झाल्यावर न पेटवता एक झुरका ओढून बघा. अर्धवट भरलेल्या ग्लासातून स्ट्रॉने सरबत ओढताना जेवढा जोर लागतो त्याहून जास्त लागत असेल तर उपसून पुन्हा भरा. न पेटवता मिळणारी ही चव सोडू नका. पेटवल्यावर पहिली पाच मिनिटं जी चव लागते तिची ओळख इथेच होते.

हात बसला की घडीची पद्धत करून बघा. पट्टी लांबीत दुमडायची, दोन तळहातांत एकदा हलकेच वळायची आणि घडीची टोकं वर ठेवून बाऊलमध्ये, म्हणजे पाइपच्या तंबाखू भरायच्या वाटीत, सारायची. वर चिमूटभर मळलेली तंबाखू टाकायची, पेट घेण्यासाठी. अशी भरलेली तंबाखू सावकाश जळते आणि शेवटाला गोडी वाढते. मात्र घडीच्या पट्टीला मळलेल्यापेक्षा दुप्पट वेळ वाळवावं लागतं, कारण आतला भाग हवेला लागतच नाही. दोन-तीन ग्रॅमचा बाऊल तास-सव्वा तास चालतो. बाऊल अरुंद आणि खोल असावा. रुंद तोंडाच्या पाइपमध्ये फ्लेक मध्येच जळतो आणि कडेला राहतो. आणि ज्या पाइपमध्ये व्हॅनिला किंवा चेरीच्या वासाची तंबाखू ओढलीय त्यात व्हर्जिनिया भरू नका. तो वास महिनोन् महिने जात नाही.

पेटवायला साधी लाकडी काडी. गंधक जळून जाऊ द्या, मग ज्योत न्या. पावसाळ्यात काड्याही सादळतात, म्हणून मी काडेपेटी तंबाखूच्या कपाटातच, पण झाकणाच्या डब्यात ठेवतो. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वरचा थर फुलून वर येईल. त्याला दट्ट्याने हलकं बसवा आणि पुन्हा पेटवा. ही दुसरी ज्योत खरी. त्यानंतर झुरका एवढा हळू की शेजारी बसलेल्याला तुम्ही ओढताय की नुसता पाइप धरून बसलाय ते कळू नये. विझला तर विझला. बाऊलमागे तीन-चार काड्या मलाही लागतात. विझू नये म्हणून भराभर ओढणं हीच जीभ भाजण्याची वाट. ओल्या तंबाखूतलं पाणी वाफ होऊन जिभेवर येतं. त्यात साखरेच्या पानाचा धूर आम्लधर्मी. दोन्ही मिळून जीभ सोलते. बाऊल गालाला लावून बघा. चटका बसत असेल तर पाइप खाली ठेवा आणि दहा मिनिटं दुसरं काहीतरी करा. पुन्हा जीभ सोलली, तर आठवडाभर पाइपला हातच लावू नका.

इथे मला थांबून एक गोष्ट नीट सांगायचीच आहे. धूर छातीत घेत नाही म्हणून पाइप निरुपद्रवी, असं तुम्हाला सांगणारे भेटतील. ते खोटं आहे. पाइपच्या धुराने तोंडाचा, घशाचा, स्वरयंत्राचा आणि फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि निकोटिनची सवय लागते. खारघरला टाटाचं कर्करोग संशोधन केंद्र आहे. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला तिथे नेऊन बसलो आहे, त्यामुळे हे पुस्तकी बोलत नाही. ज्याने सुरू केलेलं नाही त्याने सुरू करू नये. मी आठवड्याला दोन बाऊलवर आलोय आणि दर वर्षी दंतवैद्याकडून तोंड तपासून घेतो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गिळताना अडकल्यासारखं वाटणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. घरात लहान मूल असेल तर खिडकी उघडी ठेवून भागत नाही, धूर पडद्यांत आणि गादीत राहतो. तलावपाळीला बाकावर बसून ओढण्याचा मोह मलाही होतो, पण सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर बंदी आहे, आणि आजूबाजूला पोरं खेळत असतात.

आता तुमचं पांढरं. मुरलेल्या व्हर्जिनियावर बारीक, चमकणारे स्फटिक येतात हे खरं आहे. पण त्याला वर्षं लागतात, तीन महिने नाही. उजेडात पट्टी तिरपी धरली तर स्फटिक मिठाच्या बारीक कणांसारखे लुकलुकतात आणि पट्टीला चिकटून सपाट बसलेले असतात. बुरशी लुकलुकत नाही. ती कापसासारखी वर उठलेली असते, भिंगातून धागे दिसतात, आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये जाळं धरते. शंका असेल तर नाकावर विश्वास ठेवा. स्फटिक आलेल्या बरणीला मनुकांचा, गुळाचा, कधी किंचित व्हिनेगरचा वास येतो. बुरशीला पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रंकेचा कुबट वास येतो. जूनमध्ये उघडून अर्धवट झाकलेली डबी, गणपतीपर्यंत, ऐरोलीत, खाडीपासून जवळ: माझ्या मते ती बुरशीच. सगळी डबी टाकून द्या. वरची पट्टी काढून खालची वापरू नका, धागे आत गेलेले असतात. डबी कितीही महागाची असो.

दुसऱ्या डबीचं मुरवणं. हा भाग माझ्या सर्वांत आवडीचा आहे, आणि यात मराठी घराला कोणी शिकवायची गरज नाही, कारण लोणचं कसं मुरवायचं हे आपल्याला माहीत आहे. बरणी स्वच्छ, कोरडी, झाकण घट्ट, हात कोरडा, आणि सारखं उघडून बघायचं नाही. व्हर्जिनियात मुरण्यासारखं जे आहे ते म्हणजे साखर. बरणी बंद केल्यावर आत उरलेल्या प्राणवायूवर सूक्ष्म जीव काही काळ काम करतात, तो संपला की वेगळी, फार संथ प्रक्रिया सुरू होते. साखर आणि पानातली प्रथिनांची द्रव्यं एकमेकांत मिसळून रंग गडद होत जातो. म्हणूनच बरणीतली हवा पंपाने शोषून काढू नये. थोडी हवा आत लागते. आणि म्हणूनच बरणी उघडलीत की ती संथ प्रक्रिया मोडते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

चव बदलते ती अशी. ताज्या फ्लेकला वाळलेल्या गवताचा आणि लिंबाच्या सालीचा वास असतो, टोकाला थोडी धार. सहा-आठ महिन्यांत धार बोथट होते. दोन वर्षांत रंग तपकिरी होतो आणि गोडी वेगळी न राहता सगळ्या चवीत उतरते. पाच वर्षांनी काळ्या मनुका, अंजीर, खरपूस भाजलेली भाकरी असं काहीसं येतं. दहा वर्षांपुढे मी जे चाखलंय त्यात खोली वाढते, पण जोर कमी होतो. त्यामुळे पाच ते आठ वर्षं हा माझ्या आवडीचा टप्पा आहे. गरम हवेत ही प्रक्रिया थंड हवेपेक्षा वेगाने होते. सगळी तंबाखू अशी मुरत नाही. वरून वास लावलेली तंबाखू मुरवण्यात अर्थ नाही, आणि लटाकिया या धुरावर वाळवलेल्या तंबाखूचा धुरकट वास वर्षांसोबत विरतो. व्हर्जिनियात लुइझियानाची आंबवलेली पेरीक तंबाखू घातलेली असेल तर मात्र ती फार सुंदर मुरते. इंग्लंडमधल्या केंडल गावात सॅम्युअल गॅविथ हे नाव १७९२ पासून आहे, त्यांचा फुल व्हर्जिनिया फ्लेक हे शुद्ध व्हर्जिनियाचं उदाहरण म्हणून मी नव्या माणसाला सांगतो. तो डबीत विशेष ओला येतो, म्हणजे वाळवायला शिकायलाही बरा, आणि बरणीतही उत्तम बदलतो.

डबीतच ठेवायची की बरणीत काढायची? परदेशात न उघडलेली डबी वीस वर्षं तशीच राहिल्याचं लोक सांगतात. आपल्याकडे खाडीची खारट हवा पत्र्याला खाते. गंज आधी शिवणीवर येतो, आणि आत हवा शिरली की एक तर तंबाखू वाळते नाहीतर पावसाळ्यात बुरसटते. गोल, निर्वात बंद केलेली डबी त्यातल्या त्यात टिकते. झाकणाचा मध्य आत ओढलेला असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर टिकटिक करत नसेल तर ती अजून बंद आहे. चौकोनी डबीवर मी पाच वर्षांपुढे भरवसा ठेवत नाही.

बरणी घ्याल ती काचेची, जाड, रबराच्या कड्याच्या झाकणाची. लोणच्याची चिनीमातीची बरणी दिसायला छान, पण तिचं झाकण हवाबंद नसतं. बरणी उकळत्या पाण्यातून काढून दिवसभर कडक उन्हात उपडी ठेवा. रबराचं कडं वेगळं वाळवा, पाणी तिथेच लपतं. मी बरण्या फक्त जानेवारी ते मार्च या काळात भरतो. पट्ट्या डबीतून थेट बरणीत, न वाळवता, न मळता, काठोकाठ पण न चेपता. मुरायला पाणी लागतं, म्हणून इथे वाळवण नको. सिगारसाठी मिळतात त्या ओलावा राखणाऱ्या पुड्याही आत टाकू नका, घट्ट झाकणाच्या बरणीत त्यांचं काम नाही.

जागा निवडताना माळा विसरा. वरच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा मे महिन्यात भट्टीसारखा तापतो आणि तंबाखू मुरायच्या ऐवजी शिजते, चव सपाट होते. फ्रिजही नको, आत-बाहेर करताना काचेला घाम फुटतो. घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटाचा खालचा कप्पा, अंधारात, स्वयंपाकघरापासून लांब. कुलूप लावा. पाच वर्षं मुरलेल्या बरणीचा वास मनुकांसारखा येतो आणि ती दिसतेही खाऊच्या बरणीसारखी. लहान मुलाने त्यातली एक पट्टी चघळली तरी निकोटिनची विषबाधा होऊ शकते. झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘तंबाखू’ लिहा, आणि खाली नाव, महिना, वर्ष.

खालचा कप्पा म्हणालो, पण तळमजल्यावर राहत असाल तर जमिनीपासून कमरेएवढा वर. २६ जुलै २००५ ला आमच्या गल्लीत पाणी भरलं तेव्हा मी तळमजल्यावर होतो. पलंगाखाली सात बरण्या आणि अकरा डब्या होत्या. दोन दिवसांनी गाळ काढला तेव्हा डब्यांमधून तपकिरी पाणी निथळत होतं, सगळ्या गेल्या. बरण्यांपैकी सहा आतून कोरड्या होत्या. सातवीचं रबर जुनं होतं, आणि माझ्या लक्षात असूनही मी ते बदललं नव्हतं. तेव्हापासून दर फेब्रुवारीत मी रबराची कडी बोटांनी तपासतो, झाकण न उघडता, कडेने दाबून. चिरा दिसल्या की त्या वर्षी ती बरणी आधी वापरायला काढतो.

तर तुमची दुसरी डबी: आता उघडू नका. कापडाने पुसून कोरडी करा, शिवणीला गंज आहे का बघा, आणि कपाटात ठेवा. गंज नसेल आणि डबी गोल असेल तर तशीच राहू द्या. चौकोनी असेल तर येत्या जानेवारीत, कोरड्या हवेच्या दिवशी, दोन छोट्या बरण्यांत वाटून भरा. एका मोठ्या बरणीपेक्षा दोन छोट्या बऱ्या, कारण एक दोन वर्षांनी उघडून चाखता येईल आणि दुसरीला धक्का लागणार नाही. त्यातली पहिली बरणी उघडाल त्या संध्याकाळी निम्म्या पट्टीपेक्षा जास्त भरू नका, आणि राउटरवर किती वेळ ठेवलीत ते मला कळवा. ऐरोलीची हवा नौपाड्यापेक्षा किती ओली आहे ते मलाही समजेल.